पडद्यावरची बोटं

कोट अंगात गेला, पण पुढून मिटेना. थोरलीने एकदा दोन्ही बाजू ओढून पाहिल्या, मग श्वास आत घेऊन पाहिलं, आणि तिसऱ्या खेपेला आरशातल्या बाईला सांगून टाकलं, "पुरे झालं गं." काज आणि बटण यांच्यात चांगलं वीतभर अंतर उरलं होतं. बावन्न वर्षांची बाई, त्यातली बत्तीस वर्षं लोकांना कोट शिवून देण्यात गेलेली, आणि आज घरच्या फोटोच्या दिवशी तिचाच कोट तिला ओळख दाखवायला तयार नव्हता.

तिने तो काढला आणि उलटा केला. शिंप्याच्या घरातलं माणूस आधी शिवण बघतं, वाईट वाटून घ्यायचं ते नंतर. बाजूच्या शिवणीत तिने बोट घातलं आणि ती थबकली. आत माया नव्हती. या दुकानातून साठ-सत्तर वर्षांत एकही कोट शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. गिऱ्हाईक सुटतं, गिऱ्हाईक आटतं, कोट टिकला पाहिजे, हे आईने तिला सुई हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं. इथे मात्र ते जादा कापड शिवणीच्या कडेने कातरून टाकलं होतं, आणि तेही सफाईने. ही चूक नव्हती. हा कोट पुढे कधी सैल करताच येऊ नये, असं कुणीतरी ठरवून केलं होतं.

तेवढ्यात माप घ्यायच्या खोलीचा पडदा सरकला आणि भाची आत शिरली. तिला सगळे टाचणी म्हणत. सतरा वर्षांची, उंच, आणि गेल्या तीन महिन्यांत नावाला जरा जास्तच जागलेली. आत्या आत आहे हे तिला दिसलंच नाही. तिने सदरा वर केला, गळ्यातली टेप कमरेभोवती गुंडाळली आणि आरशासमोर मान वाकवून आकडा वाचू लागली.

"अगं बाई, आत माणूस आहे!" थोरली म्हणाली.

टाचणी दचकली. टेप तिच्या हातातून सुटली. "आत्या! मी फक्त... कोट नीट बसतोय का बघत होते."

"कोट बाहेर टांगलाय. किती भरली कंबर?"

"कालच्यापेक्षा अर्धं बोट जास्त."

"काल किती वेळा मोजलीस?"

टाचणीने खाली वाकून टेप उचलली आणि बोटाभोवती गुंडाळत बसली. थोरलीला एकदम राग आला, पण तो या पोरीवर काढायचा नव्हता. ज्याच्यावर काढायचा तो बाहेर दिव्यांच्या उजेडात कॉलर सारखी करत उभा होता.

धाकटा भाऊ नगरपालिकेला उभा राहिल्यापासून घरात त्याला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. उमेदवार चहा घेणार का, उमेदवाराचे मोजे कुठे आहेत, असं चाललं होतं. थोरलीनेच ते सुरू केलं होतं, आणि त्यालाही ते मनातून आवडत होतं. त्याची घोषणा मात्र तिला अजून गिळता आली नव्हती. चौकाचौकात, दिव्याच्या खांबांवर, अगदी दुकानासमोरच्या भिंतीवर ती लागली होती: "शहराची चरबी उतरवू या!" खाली उमेदवाराचा हसरा चेहरा आणि हातात कोट कापायची मोठी कात्री. त्याला म्हणायचं होतं की कचेऱ्यांमधली फुकट पोसलेली माणसं कमी करू, कारभार चपळ करू. पण घोषणा एकदा भिंतीवर चिकटली की ती आपल्या मनाने वागते. दुकानासमोरून जाणारी पोरं आता थोरलीकडे बघून घोषणा वाचत आणि एकमेकांना कोपरखळ्या मारत. घरात तर त्या दिवसापासून सगळ्यांच्या ताटातलं अर्धं नाहीसं झालं होतं. उमेदवाराच्या घरातली माणसं घोषणेला शोभली पाहिजेत, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते कुणी सांगत नव्हतं.

"आत्या, तुझा कोट?" टाचणीने विचारलं.

"माझा नाहीये तो. दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा आहे." थोरलीने कोट तसाच खांद्यावर टाकला. "चल. विचारून येऊ कुणाचा ते."

*

दुकान एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हातात गेलं की घरातल्या सगळ्यांनी एकाच तागातल्या कापडाचे कोट घालून फोटो काढायचा, ही या घराची रीत होती. आतापर्यंत असा एकच फोटो निघाला होता. साठ वर्षांपूर्वी आजोबांनी दुकान वडिलांकडे दिलं तेव्हाचा. तो गल्ल्याच्या वर टांगलेला असे. वडील गेल्याला दोन वर्षं झाली होती. ऐंशीच्या आईने तीन महिन्यांपूर्वी किल्ल्या सोडायचं एकदाचं कबूल केलं आणि दुसऱ्या फोटोची वेळ आली. उमेदवाराने लगेच ठरवलं की तोच फोटो प्रचाराच्या पत्रकावर छापायचा.

त्यामुळे कामाच्या मोठ्या खोलीत आज गिऱ्हाइकांऐवजी दिवे होते. कापायचं टेबल भिंतीला सरकवलं होतं. त्या जुन्या फोटोतलाच जाड पडदा पेटीतून काढून, झटकून, मागच्या भिंतीवर दांडीला लावला होता. फोटोत तो काळपट करडा दिसे. प्रत्यक्षात विटकरी रंगाचा आहे हे बहुतेकांना आजच कळलं. आई खुर्चीत बसली होती, गडद निळ्या कोटात, दोन्ही हात काठीवर. भावजय सगळ्यांच्या खांद्यांवरून ब्रश फिरवत होती. छायाचित्रकार काचेतून येणाऱ्या उन्हाकडे बघत सारखं म्हणत होता, "चारपर्यंतच हा उजेड मिळेल हं. चारपर्यंत." आणि उमेदवाराच्या मागे, फायलीसकट, प्रचारवाला उभा होता. हा माणूस घरात शिरल्यापासून सगळे जरा पोट आत ओढून चालत.

थोरली निळा कोट खांद्यावर टाकून, रोजच्या कामाच्या झग्यात मधोमध येऊन उभी राहिली.

"हा कुणी शिवला?"

भावजयीचा ब्रश थांबला. "मी शिवला, ताई. का हो?"

"बाजूची माया कुठे गेली?"

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने प्रचारवाल्याकडे पाहिलं. प्रचारवाल्याने फायलीकडे पाहिलं, कारण त्याच्यापुढे बघायला कुणी उरलं नव्हतं.

"ताई, आता तो विषय कशाला?" उमेदवार पुढे आला. लहानपणापासून त्याला एक सवय होती. मागायचं असलं की तो आधी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायचा. आताही ठेवला. "नाही होत ना कोट? नको घालूस. उलट बरंच झालं. माझ्या डोक्यात एक छान कल्पना आलीये. तू अकॉर्डियन वाजवलंस की आपल्या घरातले सगळे कसे खुलतात, आठवतं? आई तर हसतेच हसते. फोटोत चेहरे असे पडलेले नकोत. तू वाजव. पडद्याच्या मागे बस निवांत, आणि वाजव. सगळे हसतील, हा पटकन काढेल."

"म्हणजे मी फोटोत नाही."

"असं कुठे म्हटलं मी? तुझं वाजवणं असेल ना फोटोत!"

"फोटोत वाजवणं दिसतं?"

टाचणीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं.

"ताई, गैरसमज नको," प्रचारवाला गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही मोठ्या कलाकार आहात, सगळ्या शहराला माहीत आहे. पण घोषणा अशी आहे, आणि लोक काय, टपलेलेच असतात. विरोधकांच्या हातात आपण होऊन कोलीत कशाला द्यायचं? निवडणूक झाली की तुमचा वेगळा फोटो काढू. अकॉर्डियनसकट. ते समोर धरलं की तसंही फारसं काही दिसत नाही."

ही शेवटची गोष्ट थोरलीने आयुष्यभर ऐकली होती. अकॉर्डियन पुढे घेतलं की कळत नाही हो. बसून वाजवता तेच बरं दिसतं. आवाज किती नाजूक काढता, वाटत नाही बघून. लोक हे कौतुक म्हणून बोलत, आणि ती हसून घेई. हसून घ्यायची सवय लागली की पुढचा माणूस आणखी एक पाऊल आत येतो, हे तिला आज बावन्नाव्या वर्षी लख्ख दिसलं. तिला या घरात, या भिंतीवर, आपला चेहरा हवा होता. एवढंच हवं होतं. आणि त्यासाठी तिच्या स्वतःच्या भावाला तिच्याकडून आधी थोडी कमी बाई हवी होती.

"गिरणीचा संप झाला तेव्हा तू सात वर्षांचा होतास," ती भावाला म्हणाली. "मोर्चा नदीच्या पुलापर्यंत गेला. तुझे पाय दुखले म्हणून तुला मी खांद्यावर घेतलं, आणि पुढे अकॉर्डियन. मोठ्या आत्याचं, तेव्हा ते माझ्यापेक्षा जड होतं. चार मैल. तेव्हा माझे खांदे रुंद आहेत ते चाललं तुला."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तू राजकारणात कसा आलास असं लोक विचारतात ना, तेव्हा तू तोच मोर्चा सांगतोस. काल चौकात पण सांगितलास. मी ऐकलं. मी उभी होते मागे. तू म्हणालास, मी लहानपणी मोर्चात चाललो. चाललास कुठे रे? बसला होतास."

आता टाचणीने खोकण्याचंही सोंग केलं नाही. उमेदवाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. छायाचित्रकाराने हळूच घड्याळ पाहिलं.

पडदा म्हटला की थोरलीची नजर आपोआप गल्ल्यावरच्या जुन्या फोटोकडे जाई, तशी आताही गेली. आजोबा, वडील, नवी नवरी असलेली आई, दोन काका. मागे हाच पडदा. आणि पडद्याच्या वरच्या काठावर आठ बोटं. चार डावीकडे, चार उजवीकडे, जाड, मजबूत. ती मोठ्या आत्याची, वडिलांच्या बहिणीची. लहानपणी सगळी मुलं त्यांना पडद्याची बोटं म्हणत. गोष्ट अशी सांगितली जाई की ऐन वेळी खिळा निसटला आणि आत्याने पळत जाऊन पडदा हातांनी धरला, म्हणून ती फोटोत आली नाही. त्याच बोटांनी तिने पुढे थोरलीला अकॉर्डियन शिकवलं. थोरलीला तिची बोटं नीट आठवत होती, आणि दंड, आणि तिच्या शेजारी बाकावर बसलं की लागणारी ऊब. केवढी मोठी बाई होती ती. आत शिरताना दाराची दोन्ही फळकी उघडायची.

थोरलीने फोटोवरून नजर काढली आणि आईकडे वळली.

"आई, तो खिळा खरंच निसटला होता?"

आई काठीच्या मुठीकडे बघत म्हणाली, "नाही."

"मी नवी आलेली होते घरात," आई म्हणाली. "मामंजी म्हणाले, फोटोत दुकानाची शोभा दिसली पाहिजे. सगळ्यांना कळलं कुणाबद्दल ते. कुणी तोंड उघडेना. ती बिचारी मधोमध उभी, नवा कोट घालून. मला तिची दया आली. म्हणून मी म्हटलं, वन्सं, पडदा धरायला कुणी उंच हवंय बघा. मला वाटलं, मी तिची लाज राखली. ती हसत गेली मागे."

"आणि माझी पट्टी?"

थोरलीने हे विचारलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. विचारायच्या आधी ते तिला ठाऊक नव्हतं. या दुकानात मापं वहीत लिहीत नसत. प्रत्येक माणसाची एक कागदाची लांब पट्टी असे. खांदा इथपर्यंत, छाती इथपर्यंत, असे तिच्या कडेला कात्रीने काप दिलेले. माणूस बदललं की नवी पट्टी कापायची आणि जुनी टाकून द्यायची. घरच्यांच्या पट्ट्या आईच्या पेटीत असत, आणि त्या पेटीला आईशिवाय कुणी हात लावत नसे.

"ताई, मला जी पट्टी मिळाली तिच्यावरून मी कापला," भावजय घाईने म्हणाली. "शपथ सांगते. माया कापायला यांनी सांगितलं, ते केलं, ते चुकलंच माझं. पण पट्टी..."

"पट्टी मी दिली," आई म्हणाली. "तुझी सव्वीस वर्षांची असतानाची. मी टाकली नव्हती. म्हटलं, तीन महिने हातात आहेत, फोटोपर्यंत उतरवशील जरा. हा माझा शेवटचा फोटो. त्यात मला तू अशी हवी होतीस... तशी."

आईने हाताने हवेत काहीतरी आकार केला आणि तो अर्ध्यात सोडला.

भावाचं बोलणं थोरलीने ऐकून घेतलं होतं, प्रचारवाल्याचंही. हे मात्र थेट आत गेलं. क्षणभर तिला वाटलं, द्यावं सोडून, अकॉर्डियन उचलावं आणि जावं पडद्यामागे. तिथे निदान कुणी बघत तरी नाही. मोठ्या आत्यालाही असंच वाटलं असेल. हसत गेली म्हणे.

*

"चला ना," छायाचित्रकार म्हणाला. "सव्वातीन झाले."

"झालंच," उमेदवार म्हणाला, आणि टेबलावरची मोठी कात्री उचलायला वळला. फोटोत ती त्याच्या हातात असणार होती. दुकान ज्याच्या हातात गेलं त्याच्याच हातात ती शोभते, असं तो सकाळपासून दोनदा म्हणाला होता.

थोरली त्याच्या आधी पोचली. कात्री आजोबांची होती, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी लांब, आणि ती उचलायला खांद्यात जोर लागे. तिने ती उचलली, सरळ मागच्या भिंतीपाशी गेली, पडदा दांडीवरून खाली ओढला आणि टेबलावर पसरला.

"ताई! काय करतेस?"

"कळ्या काढतेय. कोटाला माया नाही, मग बाहेरून कापड घालावं लागेल ना? बगलेपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक कळी." तिने खडू घेतला. "निळं कापड उरलं नाहीये. हे जाड आहे, चालेल."

"अगं, आजोबांचा पडदा आहे तो! साठ वर्षांचा!"

"म्हणूनच. याच्यामागे बसायला आता कुणाला जागा नको."

"आणि फोटोला मागे काय राहील?" प्रचारवाल्याचा गोड आवाज पहिल्यांदाच जरा फाटला.

"भिंत राहील. भिंतीवर दोरे आहेत, साचे आहेत, इस्त्रीचा डाग आहे. शिंप्याचं दुकान आहे हे, शिंप्याच्या दुकानासारखं दिसू दे." तिने मान वर न करता हाक मारली. "टाचणी! टेप आण. माझं माप घे."

टाचणी टेप घेऊन पुढे आली, पण तिने ती उलगडली नाही. "आत्या, आत जाऊन घेऊ या ना."

"इथेच. आणि आपल्या दुकानाची पद्धत काय आहे? एकाने माप घ्यायचं, मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने पट्टी कापायची. मी कापते. तू सांग."

टाचणीने टेप तिच्या छातीभोवती नेली. दोन्ही टोकं जुळवायला तिला आत्याला जवळजवळ मिठी मारावी लागली. मग ती अगदी हळू काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"पन्नास."

"तिकडे दारापर्यंत गेलं पाहिजे. बाहेरच्या भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की चरबी उतरवू, मग किती आहे ते तरी कळू दे लोकांना."

"पन्नास!" टाचणी ओरडली.

थोरलीने कागदाच्या पट्टीला काप दिला. "पुढे."

"कंबर शेहेचाळीस! सीट चोपन्न!" टाचणीचा आवाज आता सुटला होता. एकेक आकडा दुकानभर घुमला. तिला त्यात गंमत वाटू लागली होती, आणि थोरलीला ते बघून बरं वाटलं. "खांदा साडेसतरा! दंड एकोणीस! आत्या, दंड एकोणीस आहे तुझा!"

"अकॉर्डियन उचलून बघ, कळेल का आहे ते."

शेवटचा काप देऊन तिने पट्टी झटकली, पडद्यावर आडवी ठेवली, खडूने रेघ मारली आणि कात्री उघडली. जाड कापडात पहिला करकर आवाज झाला, तेव्हा उमेदवाराने डोळे मिटले.

"थांब!" आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता ही थांबवणार, असं उमेदवाराच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आडव्या धाग्यावर कापतेस," आई म्हणाली. "कळी ताणेल आणि महिन्याभरात लोंबेल. उभ्या धाग्यावर काप. शिकवलंय ना तुला?"

थोरलीने कापड फिरवलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. "अशी?"

"अशी. आणि दोन बोटं सोड."

भावजय एव्हाना मशीनवर जाऊन बसली होती. तिने निळ्या कोटाच्या बाजू भराभर उसवल्या, धाग्याची टोकं दातांनी तोडली. "आणा ताई इकडे. वीस मिनिटांत देते. अस्तर नंतर लावू."

"तू पण?" उमेदवार बायकोला म्हणाला.

"मी पण," ती म्हणाली. मशीन सुरू झालं, त्यावरून तिला ओरडावं लागत होतं. "तीन महिने मी या घरात उपाशी निजतेय. पोरगी आरशासमोरून हलत नाही. तुमच्या कचेऱ्यांतली चरबी उतरवा आधी, मग आमच्या ताटात बघा!"

"शेजारी ऐकतील," प्रचारवाला म्हणाला.

"ऐकू दे. त्यांचीही मतं आहेत ना?"

उमेदवार टेबलाच्या कडेला टेकला. त्याने जन्मभर ज्या दोन बायकांच्या जोरावर भाषणं ठोकली त्या दोघी एकाच मशीनवर वाकल्या होत्या. थोड्या वेळाने तो हळूच बहिणीशेजारी येऊन उभा राहिला. या वेळी त्याने खांद्यावर हात ठेवला नाही.

"फोटो पत्रकावर नाही घालता यायचा मग," तो म्हणाला. ते विचारणंही होतं आणि तक्रारही.

"नको घालूस. हा दुकानाचा फोटो आहे. दुकानात लागेल."

"मी हरलो तर?"

"हरलास तर परत ये. काजं करायला माणूस कमीच आहे."

तो नाइलाजाने हसला. राग गेला नव्हता, पण लहानपणी खांद्यावर बसलेला असतानाही तो असाच, पाय दुखत नसल्याचा आव आणून हसायचा.

चारला दहा मिनिटं कमी असताना कोट तयार झाला. थोरलीने तो अंगात घातला आणि एकेक करून पाचही बटणं लावली. पाचही लागली. निळ्या कोटाच्या दोन्ही बाजूंना, बगलेपासून खालपर्यंत, विटकरी रंगाचे दोन रुंद पट्टे होते. ते लपत नव्हते. लपावेत म्हणून कुणी घातलेही नव्हते.

ती मधोमध जाऊन उभी राहिली. अकॉर्डियन टाचणीने आणून दिलं, तर तिने ते पायांशी, एका बाजूला ठेवायला सांगितलं. कात्री परत द्यायला म्हणून तिने हात पुढे केला, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे. ज्याला जड होत नाही त्याने धरावी." उमेदवाराने ते ऐकलं, मोकळे हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना, शेवटी त्याने ते आईच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"चला, सगळे इकडे बघा," छायाचित्रकार म्हणाला.

"जरा थांबा," आई म्हणाली. "टाचणी, माझी पेटी आण."

पेटीच्या तळाशी, सगळ्या पट्ट्यांच्या खाली, एक पिवळी पडलेली घडी होती. आईने ती उलगडली. लांबच लांब पट्टी, घरातल्या कुणाच्याही पट्टीपेक्षा मोठी, कापांच्या जागी कागद विरलेला. "वन्संची," ती म्हणाली. "त्या फोटोच्या कोटासाठी मीच घेतलं होतं माप. मला टाकवली नाही." मग ती थोरलीला म्हणाली, "तुझी जुनी मात्र आज फाडून टाक."

थोरलीने सव्वीस वर्षांच्या बाईची पट्टी घेतली आणि मधोमध फाडली. मोठ्या आत्याची पट्टी टाचणीने स्टुलावर चढून मागच्या उघड्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, खिळ्याला टांगली. खिळा पक्का होता.

उन्हाची तिरीप आता जमिनीवरून चढून कोटांवर आली होती. छायाचित्रकाराने कॅमेऱ्यात डोकं घातलं, मग बाहेर काढलं. रोज शंभर बायकांना जे सांगायची सवय होती ते त्याच्या तोंडून सहज निघून गेलं.

"मधल्या बाई, जरा तिरक्या उभ्या राहा ना. बारीक दिसाल."

थोरलीने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

"मी दिसले म्हणजे झालं," ती म्हणाली. "काढा."